आवाज फाटतो तिथून

गाडीतला कंपनीचा टेप काढायचा नाही, पण आवाज वाढला पाहिजे, असं म्हणणारी गिऱ्हाइकं आता पलूसला नेहमीची झाली आहेत. पूर्वी काम सोपं होतं. जुना टेप ओढून काढायचा, त्याच चौकोनात नवा बसवायचा. आता टेपच्या पडद्यावर मागचा कॅमेरा असतो, फोन असतो, कधी एसीसुद्धा. म्हणून टेप जागेवर राहतो आणि सीटखाली अँप्लिफायर येतो.

"आवाज वाढवा," गिऱ्हाईक म्हणतं. मी आधी त्याचंच गाणं त्याच्याच टेपवर लावतो आणि आवाज हळूहळू वर नेतो. एका जागी झांज पत्र्यासारखी वाजायला लागते, ढोलकीची थाप चपटी होते. त्याला नको असतं ते हे. फाटायची ही जागा पुढं ढकलणं, एवढंच माझं काम.

ही जागा गणितानं ठरलेली असते. चालू गाडीत तारेवर जेमतेम 14.4 व्होल्ट असतात. टेपमधली चिप तेवढ्यावरच चालते. 4 ओहमच्या स्पीकरला दोन्ही टोकांनी ढकललं तरी स्वच्छ आवाज 26 वॅटच्या वर जात नाही, मग खोक्यावर 50 गुणिले 4 का लिहिलेलं असेना. बाहेरचा अँप्लिफायर हेच व्होल्ट स्वतःच्या पोटात आधी वाढवून घेतो, मग वाजतो.

खरी गोम स्पीकरच्या तारांत आहे. कंपनीच्या टेपला वेगळी आउट पिन बहुधा नसते, त्यामुळे आवाज स्पीकरच्या तारांतूनच उचलावा लागतो. त्या दोन्ही तारांवर गाडीच्या निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट कायम उभे असतात. मायनस म्हणजे अर्थ समजून त्यातली एक पत्र्याला लावली, तर चिप जाऊ शकते. त्या तारांचा जोर कमी करून देणारा कन्व्हर्टर मिळतो. काही अँप्लिफायर मात्र तारा थेट घेतात आणि त्या उभ्या व्होल्टांवरूनच टेप चालू झाल्याचं ओळखून स्वतः जागे होतात. ही युक्ती ज्याला सुचली त्याच्याबद्दल मला आदर आहे.

आणखी एक खोड असते. लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून बरेच टेप आवाज वाढेल तसा बेस चोरतात. तो चोरलेला बेस अँप्लिफायर परत आणत नाही, जे आत येतं तेच मोठं करतो. काही गाण्यांत तर बेस मुळातच नसतो. नागठाणे, बालगंधर्वांचं गाव, आमच्याच तालुक्यातलं. त्यांची गाणी गाडीत ऐकणारे इकडं अजून आहेत. त्या जुन्या तबकड्यांत खालचा आवाज फारसा उतरलेलाच नाही, तिथं ऊफर कितीही मोठा लावा, नुसती घरघर वाढते. अशा गाडीत मी ऊफर बंदच ठेवायला सांगतो.

बॅटरीची तार घेताना ब्लेडनं खरवडून बघतो. वरून तांबडी, आतून पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम, तांब्यापेक्षा दीडपट अडवणारं. फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत पाहिजे, कारण तो वाचवतो ती तार, अँप्लिफायर नव्हे. इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबर नसेल, तर धक्क्याधक्क्यानं साल घासून तार उघडी पडते आणि पेट घेते. अर्थ रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट द्यायचा. तो ढिला राहिला की एक्सलेटरबरोबर गाण्यात कुईं चढत जाते.

शेवटी अँप्लिफायरवरचा गेन. पुष्कळ जण त्याला आवाजाचं बटण समजून शेवटपर्यंत पिळतात. अँप्लिफायर 50 वॅटचा आणि स्पीकर 4 ओहमचा असेल, तर 50 गुणिले 4 म्हणजे 200, त्याचं वर्गमूळ 14.1. स्पीकर सोडवायचा, टेप फाटायच्या जरा अलीकडं ठेवायचा, 50 हर्ट्झचा सूर लावायचा आणि मीटरवर एसी 14 व्होल्ट दिसले की पेचकस उचलायचा. साधा मीटर घरच्या विजेसाठीच केलेला, म्हणून 50 हर्ट्झवर तो खरं बोलतो.

गळीत हंगामात कुंडलच्या साखर कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर येतात. त्यांचं गणित वेगळं. "मामा, पुढच्या गावाला कळलं पाहिजे," पोरगा म्हणतो. मी स्पीकर त्याच्याकडं तोंड करून बसवतो, बाहेर नाही. मागून हॉर्न वाजवणारा त्याला ऐकू यायला हवा, असं सांगितलं की तो नाराज होतो. शिवाय अँप्लिफायर जागा करणारी तार मी किल्लीवरून घेतो. नाहीतर गव्हाणीपुढच्या रांगेत इंजिन बंद, गाणी रात्रभर, आणि पहाटे नंबर लागला की स्टार्टर नुसता टकटक करतो. मग मागच्या ट्रॉलीवाल्यांच्या शिव्या तो माझ्यापर्यंत पोचवतो.