पेशींची पानगळ

घाटंजीच्या आसपासच्या रानांत शिशिरांत सागाचीं पानें गळतात, तीं वाऱ्यानेंच तुटतात असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः देठाच्या बुडाशीं झाड स्वतःच एक थर निर्माण करून पान सोडून देतें. शरीरांतील पेशीही अशाच ठरल्या रीतीनें मरतात. १९७२ सालीं कर, वायली व करी या शास्त्रज्ञांनीं या मरणास ‘अपोप्टोसिस’ हें नांव दिलें. शब्द ग्रीक, अर्थ, पानें गळणें. त्यांतील ‘अपो’ हा आपल्या ‘अप’ उपसर्गाचा सहोदर, आणि ‘प्टोसिस’च्या मुळाशीं आपला ‘पत्’ धातूच आहे!

आमच्या कुटुंबांतील एका वडीलधाऱ्या माणसास सीएलएल नांवाचा रक्ताचा कर्करोग आहे. त्यावर व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी सुरू झाली. घरांतील तरुण मंडळींस शंका आली कीं, अखेर ४०० मिलिग्रॅम द्यावयाचें, तर आरंभ अवघ्या २० नें कां? दुखणें मोठें आणि मात्रा इवलीशी!

याचें उत्तर बीसीएल-२ या प्रथिनांत आहे. पेशीस शक्ति पुरविणाऱ्या तंतुकणिकेच्या बाह्य आवरणावर हा पहारेकरी बसलेला असतो. पेशींतील आंतर्द्रव्यजालिकेवरही त्याचें ठाणें असून तेथें तो कॅल्शियमच्या येण्याजाण्यावर नजर ठेवतो. मृत्यूचे दूत असलेलीं दुसरीं प्रथिनें तो धरून ठेवतो. तीं सुटलीं कीं बॅक्स व बॅक हीं प्रथिनें तंतुकणिकेस छिद्रें पाडतात, आंतील सायटोक्रोम-सी बाहेर पडतें, आणि कॅस्पेज नांवाचीं विकरें पेशीची वासलात लावतात. १९८८ सालीं मेलबर्न येथें व्हॉक्स, कोरी व ॲडम्स यांनीं दाखविलें कीं, बीसीएल-२ पेशी वाढवीत नाहीं, तिला मरूं देत नाहीं. सीएलएलमध्यें हा पहारा फाजील असतो.

अमेरिकेंत २०१६ सालीं मान्यता मिळालेलें हें औषध स्वतः पेशीस मारीत नाहीं. पहारेकऱ्याच्या खोबणींत बसून तें त्याची मूठ सैल करतें. त्याच्या आधींचें नॅव्हिटोक्लॅक्स बीसीएल-एक्सएल या भावंडासही धरी, आणि तें तर रक्तबिंबिकांचें रक्षक. त्यामुळें बिंबिका घटत.

आतां एकदम मोठी मात्रा दिल्यास असंख्य पेशी एकाच वेळीं फुटून युरिक आम्ल व पोटॅशियम रक्तांत उतरतें. मूत्रपिंडें व हृदय दोन्ही संकटांत येतात. म्हणून २०, ५०, १००, २००, ४०० अशी आठवड्याआठवड्यानें चढण, भरपूर पाणी आणि वारंवार रक्ततपासणी. ग्रेपफ्रूट व कमरख वर्ज्य, कारण त्यांच्यामुळें शरीरांत औषधाचा निचरा मंदावतो. आमच्या परसांतील कमरखें यंदा शेजाऱ्यांकडे गेलीं.