हवेची पोकळी आणि नारिंगी पेटी

२६ मे २०१०. दुबईहून पुण्याला निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोईंग ७३७ विमान मस्कतच्या परिसरात ३७,००० फुटांवर स्थिर उडत होते. आत ११३ प्रवासी. मुख्य वैमानिक स्वच्छतागृहात गेला. कॉकपिटमध्ये एकट्या उरलेल्या पंचवीस वर्षांच्या सहवैमानिकाने आपले आसन पुढे सरकवायला घेतले आणि ते करताना कंट्रोल कॉलमवर, म्हणजे विमानाचे नाक खाली-वर करणाऱ्या समोरच्या दांड्यावर, नकळत दाब पडला. विमान २६ अंशांपर्यंत नाक खाली घालून सुमारे ७,००० फूट कोसळले.

चारच दिवसांपूर्वी याच कंपनीचे, याच जातीचे आणि दुबईहूनच निघालेले विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत गेले होते. १५८ माणसे दगावली. मंगळूर सर्वांना आठवते. मी दौंड तालुक्यातल्या भांडगावचा. आम्हांला विमान म्हणजे पुण्याचे लोहगाव. पण त्याच लोहगावकडे येणाऱ्या या विमानाची हकीकत मी आमच्याकडे कुणाच्या तोंडून कधी ऐकली नाही. जे घडता घडता राहिले, त्याचे स्मारक कोण उभारणार?

आधी हे झाले कसे, ते पाहू. ऑटोपायलट उंची राखत असतो, पण वैमानिकाने दांडा जोराने ढकलला तर तो माणसाची आज्ञा वरचढ मानतो आणि उंची राखण्याचे काम सोडून देतो. संकटात हात आधी दांड्याकडे जातो, म्हणून ही योजना शहाणपणाचीच आहे. मात्र ढकलणाऱ्याच्या मनात तसे काही नव्हते, हे यंत्राला कळत नाही.

ही चूक नवी नव्हती. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचे ४०१ क्रमांकाचे विमान मायामीजवळ २,००० फुटांवर घिरट्या घालत होते. पुढचे चाक उतरल्याचा दिवा लागेना, म्हणून सगळे वैमानिक त्या एका दिव्यात गुंतले. त्या गडबडीत दांड्याला धक्का लागला असावा, असे तपासात मानले गेले. विमान हळूहळू खाली येऊ लागले. उंची सुटल्याची सूचना देणारा नादही वाजला. तो ध्वनिमुद्रणात आहे, पण कुणी त्याची दखल घेतल्याचे दिसत नाही. विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत आदळले आणि १०१ जणांचा जीव गेला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून ब्रसेल्सला चाललेले जेट एअरवेजचे विमान तुर्कस्तानावर सुमारे ५,००० फूट खाली आले, तेव्हा एक वैमानिक नियमाप्रमाणे विश्रांती घेत होता आणि दुसऱ्या वैमानिकाचे लक्ष टॅब्लेटवर होते. जमिनीवरच्या तुर्की नियंत्रकांनी विचारले, तेव्हा कुठे हे ध्यानात आले.

पुण्याच्या विमानात मात्र अडचण आणखी एक होती : दार. ११ सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटची दारे गढीच्या दरवाजासारखी भक्कम झाली. बाहेर उभ्या असलेल्या मुख्य वैमानिकाला आत यायचे होते आणि आतला तरुण इतका गांगरला होता की त्याला विमान सावरेना, दारही उघडेना. अखेर मुख्य वैमानिकाने आणीबाणीचा संकेतांक वापरून दार उघडले आणि विमान सावरले. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या विमानात असाच एक कप्तान दाराबाहेर राहिला. तिथे आतल्या माणसाला दार उघडूच द्यायचे नव्हते. आल्प्समध्ये १५० जण गेले. दार तेच, आत येणाऱ्यांना अडवण्यासाठी केलेले.

इतिहासाच्या अभ्यासकांनी थांबावे असे स्थळ यापुढे आहे. विमान स्थिरावल्यावर प्रवाशांना सांगण्यात आले की आपण हवेच्या पोकळीत सापडलो होतो. मंगळूरची राख अजून निवली नव्हती. अशा वेळी ‘सहवैमानिक आसन सरकवत होता’ असे कोण सांगेल? मला त्या वैमानिकाला दोष द्यावासा वाटत नाही. पण समजा, अहवाल झालाच नसता आणि आपण केवळ प्रत्यक्षदर्शींवर विसंबून ही घटना लिहायला बसलो असतो, तर ११३ प्रामाणिक साक्षीदारांनी एकमुखाने हवेची पोकळी सांगितली असती. एवढे एकमत पाहून आपण निःशंक झालो असतो.

राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींना हाच प्रश्न विचारला होता : सांगणाऱ्याला हे कळले कुठून? पानिपताच्या काळातली अस्सल पत्रे हाती असल्यामुळे त्यांना तो विचारता आला. इथे त्या पत्रांची जागा विमानातल्या नोंदयंत्राने घेतली. त्याला काळी पेटी म्हणतात, पण रंग असतो नारिंगी. दांड्यावरचा दाब, नाकाचा कोन, वेग, उंची, सारे क्षणाक्षणाला तिच्यात उतरले होते. नोव्हेंबर २०१० मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा अहवाल लोकांपुढे आला आणि हवेच्या पोकळीची बखर मिटली.

तरीही पेटीत सर्व काही नाही. दाराबाहेर संकेतांकाची बटणे दाबणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले होते, तिसाव्या रांगेतल्या माणसाने शेजाऱ्याचा हात धरला का, याचा रकाना तिच्यात नसतो. त्या ११३ जणांपैकी कुणी, किंवा त्यांच्या घरचे कुणी, हा धागा वाचत असेल तर खाली जरूर लिहा. पोकळी कुणी सांगितली हे नको. तुम्हांला काय दिसले, ते लिहा.