थंड इंजिन आणि यतना

माझ्या पहिल्या प्रीमियर पद्मिनीला कार्ब्युरेटर होता. हिवाळ्यात चोक ओढून पाच मिनिटे इंजिन तापवल्यावाचून ती फाटकाबाहेर पडत नसे. तेवढ्या वेळात माझा नवकाराचा जप होई. पुढे फ्युएल इंजेक्शनची गाडी आली. सवय मात्र तीच राहिली.

गेल्या संवत्सरीला तळमजल्यावरच्या वयोवृद्ध काकूंना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणायला गेलो. त्या सहज म्हणाल्या, “भाऊ, तुमची गाडी सुरू झाली की मी खिडकी लावून घेते. दम्याचा त्रास आहे ना!” मी निरुत्तर झालो. माझा जप चाले, तेव्हा माझ्याच गाडीचा धूर एका जीवाचा श्वास कोंडत होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना विचारले. ते म्हणाले, “साहेब, आता इंधनाचे प्रमाण गाडीच सांभाळते. ऑइल सगळीकडे पोहोचायला अर्धा मिनिट पुरे. पुढचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा. उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीचे इंजिन लवकर तापते.” धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तापल्यावरच नीट काम करतो, म्हणजे थंड गाडीचा धूर अधिक घातक, हेही त्यांच्याकडूनच समजले.

आता जप घरातच आटोपतो आणि गाडी सुरू करून अर्ध्या मिनिटात निघतो. क्षमा वर्षातून एकदा मागता येते. यतना मात्र रोज सकाळी, किल्ली फिरवतानाच पाळावी लागते.