पदकाची कड

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून कड वाचायचं काम माझ्याकडून भाचीकडे गेलं आहे. लांबचं मला आता लख्ख दिसतं, पण भिंगाखाली पदकाच्या कडेवरची बारीक अक्षरं एकमेकांत मिसळतात. पदकं जमवणाऱ्याचं याहून मोठं नुकसान नाही. दर्शनी बाजूचा पंचम जॉर्ज आणि मागचा घोडेस्वार लाखो पदकांवर एकसारखेच आहेत. माणूस असतो तो कडेवर: नंबर, हुद्दा, नाव, पलटण.

मी पहिल्या महायुद्धातली, त्यातही मराठा पलटणींचीच पदकं जमवतो. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. तिथे ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. आपल्याकडे गावोगावी चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाट्या आहेत, त्यांवरही तेच: या गावातून इतके लढाईवर गेले, इतके कामी आले. नाव एकाचंही नाही. सरकारने शिपायाचं नाव धातूत उमटवलं ते मेलेल्याच्या घरी पाठवलेल्या कांस्याच्या पट्टिकेवर, आणि या कडेवर. म्हणून कड घासून गेलेलं पदक माझ्या लेखी नुसती चांदी आहे.

सध्या आमचं घोडं एका पदकावर अडलं आहे. नंबर स्वच्छ. हुद्दा शिपाई, पलटण ११७ मराठा. पहिलं नाव वाचता येतं. आडनावाचं पहिलं अक्षर 'एस', मग 'ए', शेवटी 'ए', 'एन', 'टी'. मधलं एकच अक्षर झिजलेलं. ते 'डब्ल्यू' असेल तर सावंत, 'एम' असेल तर सामंत. अक्षराचा वरचा भाग पार गेला आहे; तळाशी दोन ठिपके तेवढे उरलेत. 'डब्ल्यू'ची खालची टोकं जवळजवळ असतात, 'एम'चे पाय फाकलेले. म्हणजे निकाल लागायचा तो त्या दोन ठिपक्यांमधल्या अंतरावर, आणि ते अंतर असं की दोन्हीकडे ओढता येतं. ठसा किंचित तिरका बसला असेल तर मोजमापच फसतं. दिवा आडवा धरून पाहिलं, कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवली, वर्ख दाबून छाप घेतला. सकाळी सावंत वाटतो, दुपारी खात्री उरत नाही.

माझं म्हणणं सावंत. कोकणातून मराठा पलटणीत भरती झालेले सावंत पैशाला पासरी. सामंत तिथे क्वचितच यायचा. भाची म्हणते, "मामा, तू आडनाव वाचतोस. मी नुसते ठिपके बघतेय." तिला कोणत्या आडनावाचे लोक कुठल्या तालुक्यातून भरती व्हायचे हे ठाऊक नाही, म्हणून तिचा डोळा मोकळा आहे. माझा डोळा अक्षरापर्यंत पोचायच्या आधीच आडनाव पुरं करतो. ही सवय मी मोठ्या कष्टाने लावून घेतली, आणि तिच्याशिवाय अर्ध्या कडा वाचताच आल्या नसत्या.

हा माणूस युद्धात मेला असता तर काम सोपं होतं. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत आता हिंदी शिपायांची नावं शोधता येतात, पुष्कळदा बापाचं नाव आणि गावसुद्धा मिळतं. या नंबराचा सावंत तिथे नाही, सामंतही नाही. म्हणजे तो घरी आला असावा. ११७ वी पलटण इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेत होती. २९ एप्रिल १९१६ ला ती फौज शरण गेली आणि उरलेले तुर्कांच्या कैदेत पडले. हा त्यांत होता का, हे आधी आडनाव ठरल्याशिवाय विचारायचं कसं? जिवंत परतलेल्याची यादी कोणी छापत नाही.

झीज कोणी केली, हे मात्र उघड आहे. त्यानेच, किंवा त्याच्या घरच्यांनी. परेडला जायचं तर पदक चकचकीत हवं, दसऱ्याला देव उजळताना तेही राखेने घासायचं. त्याबद्दल मला कधीच राग आला नाही. राग येतो तो मशीनवर बफ मारून आरशासारखी पदकं विकणाऱ्यांचा. जुन्या बाजारात काळपट पदकाला गिऱ्हाईक नाही म्हणून ते दहा मिनिटांत नाव पुसतात. चार निरनिराळ्या माणसांची पदकं एका पट्टीवर ओवून 'संच' म्हणून खपवणारे त्याहून वाईट. आणि आता खरेदी फोनवरच्या फोटोंवर होते: पुढची बाजू, मागची बाजू, कडेचा फोटो मागितला की उत्तर येत नाही. १९८० च्या सुमाराला चांदी कडाडली तेव्हा ही पदकं मोडीत वितळली, ते निदान गरजेपोटी होतं.

मला लोकांनी वाखाणलेलं आवडतं, हे लपवत नाही. सराफाच्या पेढीवर चार जणांदेखत पदक बोटांत फिरवून, भिंगाला हात न लावता नाव म्हणून दाखवायचं आणि त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहायचं, यासाठी मी मुद्दाम गर्दीच्या वेळी जायचो. भाची आता तेच करते तेव्हा तिचं कौतुक वाटतं, आणि पोटात दुखतंही.

या शिपायाचं जोडीचं विजयपदक कोल्हापुरात एका संग्राहकाकडे आहे. नंबर तोच, हे त्याने फोनवर सांगितलं. ते कांस्याचं, त्याला मोड नाही आणि कोणी फारसं घासतही नाही, तेव्हा आडनाव शाबूत असणार. तो मात्र ते वाचून दाखवत नाही. बदल्यात त्याला माझ्याकडची पट्टिका हवी आहे. त्या पट्टिकेवर हुद्दा नाही, कोणाच्याच नसतो. फक्त नाव, आणि ते नाव मी वाडीपर्यंत शोधून काढलं आहे. ती देणार नाही. पाच चांदीची पदकं घेऊन रविवारी आम्ही दोघं जाणार आहोत, त्यांतलं हवं ते त्याने घ्यावं. कड भाची वाचेल आणि ती सांगेल तेच वहीत चढेल. सामंत निघाला तर सामंत. पण मनातून मला अजून सावंतच हवा आहे.