सीरम की प्लाझ्मा?

चि. मृणाल,


हृदयविकाराच्या रुग्णांमध्ये एमएमपी-९ मोजण्याचा तुझा आराखडा वाचला. विषय चांगला आहे, पण नमुन्याच्या रकान्यात तू 'सीरम' लिहिलं आहेस. किट मागवण्याआधी तो एक शब्द बदलून 'प्लाझ्मा' कर, एवढ्यासाठी हे पत्र.

पेशींभोवतीची कोलॅजनसारख्या प्रथिनांची जाळी कापणाऱ्या एन्झाइम्सच्या कुटुंबातलं पहिलं १९६२ साली ग्रॉस आणि लापिएर यांना बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत सापडलं. एमएमपी-९ याच कुटुंबातलं. पण त्याची एक खोड आहे: न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ते आधीच तयार करून आपल्या कणिकांमध्ये भरून ठेवतात. सीरमसाठी रक्त साध्या ट्यूबमध्ये गोठू दिलं की त्या पेशी चेतवल्या जातात आणि साठा बाहेर सोडतात. म्हणून एकाच वेळी काढलेल्या रक्तात सीरमचा आकडा रक्त गोठू न देता वेगळ्या केलेल्या प्लाझ्मापेक्षा बराच जास्त येतो, आणि गोठणं लवकर व्हावं म्हणून आत सिलिका लावलेली ट्यूब असेल तर आणखी वाढतो. हा दोष किटचा नाही. किट ज्यावर चालतं ती, १९७१ साली एंगव्हाल आणि पर्लमन यांनी स्टॉकहोममध्ये मांडलेली एलायझा पद्धत आपलं काम चोख करते. खळग्याच्या तळाशी चिकटवलेलं प्रतिपिंड एन्झाइम पकडतं, दुसरं त्यावर बसतं, निळा आलेला रंग आम्ल टाकताच पिवळा होतो आणि ४५० नॅनोमीटरला वाचला जातो. एन्झाइम रुग्णाच्या शरीरात सुटलं की ट्यूबमध्ये, हे त्या पिवळ्या रंगाला कळत नाही.

तू म्हणशील, सगळे नमुने एकाच पद्धतीने घेतले तर चूक दोन्ही गटांत सारखीच राहील. हा आक्षेप वजनदार आहे, पण इथे टिकत नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्यांमध्ये न्यूट्रोफिल वाढलेले असतात. जितके न्यूट्रोफिल जास्त, तितकं ट्यूबमध्ये सुटणारं एन्झाइमही जास्त. म्हणजे दोन गटांतला जो फरक तुला शोधायचा आहे, तोच गोठण्याच्या क्रियेतून आपोआप उभा राहू शकतो. किटच्या माहितीपत्रकात सीरम चालतं असं लिहिलेलं असतं, हेही खरं. त्याचा अर्थ इतकाच की सीरममधलं एन्झाइम किट नीट मोजतं. ते रक्ताभिसरणातलं प्रमाण आहे, अशी हमी त्यात नसते.

माहितीपत्रकात आणखी एक गोष्ट बघ. ते प्रतिपिंड निष्क्रिय पूर्वरूप ओळखतं, सक्रिय रूप ओळखतं, की टिंप-१ या रोधकाला बांधलेलंही? बरीच किट्स एकूण प्रमाण सांगतात, आणि एकूण प्रमाण वाढलं म्हणजे ऊती जास्त कापली जाते आहे असं होत नाही. सक्रियता हवी असेल तर वेगळी चाचणी लाव. तिच्यासाठी ईडीटीएची ट्यूब वापरू नकोस, कारण या एन्झाइमला लागणारं कॅल्शियम आणि जस्त ते बांधून टाकतं.

फ्रीझरमध्ये जुनं सीरमच उपलब्ध असेल तर काम सोडू नकोस, मात्र न्यूट्रोफिलची संख्या विश्लेषणात घे आणि ही मर्यादा निबंधात स्पष्ट लिही. नवे नमुने मात्र सिट्रेट किंवा हेपरिनच्या ट्यूबमध्ये घे, लगेच सेंट्रिफ्यूज कर, आणि ट्यूबचा प्रकार व सुईपासून फ्रीझरपर्यंत गेलेली मिनिटं प्रत्येक नमुन्यापुढे नोंद. किटची ऑर्डर त्यानंतर दे.

तुझी,
सुनंदामावशी