आपाचा एक एकर

अब्बांचा इंतकाल जानेवारी २०२३ मध्ये सोनारीतच झाला. आठ एकर जमीन, गावठाणातलं दगडी घर, एक जुना ट्रॅक्टर आणि बार्शीच्या अडत्याकडची थोडी येणी, एवढं मागे ठेवून ते गेले. कर्ज नव्हतं, अल्हम्दुलिल्लाह. वारस पाच. अम्मी, आम्ही तिघे भाऊ आणि आमची एकुलती एक बहीण, आपा. भाईजान शेती बघतात, धाकटा पुण्यात नोकरी करतो, आणि हे लिहिणारे आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. घरात कागदाचं काही निघालं की ते शिक्षकाकडे सरकवायचं ही आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळे वारसाचं कामही आमच्याच गळ्यात आलं.

आपा २००३ साली लग्न होऊन इंग्लंडला गेली. दुल्हेभाई मूळचे सोलापूरचे, लेस्टरला कामाला. २०१४ मध्ये दोघांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, तेव्हा अब्बांनी गावात पेढे वाटले होते. त्या पेढ्यांची किंमत आम्हाला नऊ वर्षांनी कळली. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे माणसाने आपखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की इथलं आपोआप संपतं. बापाच्या मय्यतीला यायचं तर आपाला व्हिसा काढावा लागला. ती सोनारीत पोहोचली तोवर दफन तर झालंच होतं, जियारतही होऊन गेली होती. कब्रस्तानच्या भिंतीबाहेर उभं राहून तिने दुआ केली आणि घरी येताना एवढंच म्हणाली, "मैं परदेसी कब हो गई रे?"

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखं तोंड नव्हतं, कारण त्या वेळी आमच्या पिशवीत एक कागद होता.

तो कागद हक्कसोडपत्राचा मसुदा होता. आपा चार दिवसांत परत जाणार, मग पुन्हा केव्हा येईल कोण जाणे, तेव्हा आताच सही घेऊन टाकू असं आम्हा तिघा भावांचं ठरलं होतं. भावांच्या नावे हक्क सोडायला तेव्हा २०० रुपयांचा मुद्रांक पुरे होता. मसुदा आमच्याच अक्षरातला, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेला. कारणंही आम्ही तयार ठेवली होती. ती पौंडात कमावते, तिला एक एकराचं काय करायचं आहे. जमिनीचे तुकडे होतील. आणि सगळ्यांत सोयीचं कारण म्हणजे, परदेशी नागरिकाचं नाव सातबाऱ्यावर लागतच नाही. हे आम्हाला कुणीतरी चहाच्या टपरीवर सांगितलं होतं. एरवी शाळेत मुलांना "कुठे वाचलंस ते दाखव" म्हणणारे आम्ही, पण हे मात्र विचारलं नाही. खोटं आपल्या फायद्याचं असलं की पुरावा मागायचं सुचत नाही.

आपा सही करायला तयार होती. तेच तर जास्त टोचतं. "कायद्यातच बसत नसेल तर आण, कुठे सही करू," असं म्हणून तिने चष्मा लावला होता.

दस्त नोंदवण्याआधी आम्ही परंड्यात एका वयस्कर वकिलांना तो मसुदा दाखवायला गेलो. त्यांनी वाचला, घडी घातला आणि विचारलं, "गुरुजी, बहिणीला पुढचं सांगितलंत का?" पुढचं काय, हे आम्हालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी समजावून सांगितलं. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली, ज्याला सगळे फेमा म्हणतात, ओसीआय कार्ड असलेला परदेशी नागरिक इथे घर किंवा दुकान विकत घेऊ शकतो, पण शेतजमीन घेऊ शकत नाही. फार्महाऊस नाही, मळ्याची जमीनही नाही. विकत नाही आणि बक्षीसपत्रानेही नाही. शेतजमीन त्याच्याकडे येण्याचा रस्ता एकच, वारसा. "तो एकच दरवाजा तुमच्या बहिणीला उघडा आहे आणि तो तुम्ही बंद करताय. उद्या तुमचं मन पालटलं, तुम्ही स्वतः रडत आलात, तरी एक गुंठासुद्धा तिला परत देता येणार नाही."

परंड्याहून सोनारीला येईपर्यंत मोटारसायकलवर आमचा हिशोब चालू होता. सूरह निसाची आयत ११ आणि १२. नवऱ्यामागे मुलं असतील तर विधवेचा आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. आठ एकरांतला आठवा म्हणजे अम्मीचा एक. उरले सात. तीन मुलगे आणि एक मुलगी म्हणजे वाटे सातच. आम्हा प्रत्येकाला दोन एकर, आपाला एक. अपूर्णांकांचं एवढं सोपं गणित आम्ही कुठल्याही सहावीच्या पोराकडून फळ्यावर करून घेतलं असतं. जुम्म्याच्या खुतब्यात मुलीच्या हिश्श्याचा विषय निघाला की मान डोलावणाऱ्यांतही आम्ही पहिल्या सफेत असायचो.

आपल्याच जिल्ह्यातलं उपळा गाव आठवा. तिथे माकडांच्या नावावर ३२ एकर जमीन असल्याची बातमी २०२२ मध्ये देशभर छापून आली होती. महसुलाच्या कागदावर माकडं चालतात आणि सख्खी बहीण चालत नाही, असं आम्ही कसं मानून चाललो होतो? भाईजानला हे बोलून दाखवलं तेव्हा ते आधी हसले आणि मग बराच वेळ गप्प बसले. भाभीने मात्र चुलीपाशी बसूनच सांगितलं, "कागज फाड डालो, खलास." तिचा स्वतःच्या माहेरचा हिस्सा भावांनी असाच सोडवून घेतलेला आहे. ती त्याबद्दल कधी बोलत नाही.

कागद फाडला. रात्री आपाला सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "पेन कुणाचा होता?" आम्ही म्हणालो, आमचा.

वारसनोंद त्या मानाने सोपी गेली. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं घातलेलं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे अर्ज, मग वारसांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ क मध्ये, नावं, त्यानंतर फेरफार, हरकतींसाठी नोटीस आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्यांचं प्रमाणन. आपाचा परदेशी पत्ता लिहिला तर कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते पुढे. जाताना आपाने आमच्या घराला लागून असलेलं एक रिकामं घर पाहिलं. मालक बार्शीला राहायला गेलेले, विकायला तयार. आपा म्हणाली, हे मला पाहिजे. माहेरी आले की तुमच्या बायकांना माझ्यासाठी खोली मोकळी करावी लागते, ते नको. घर असल्यामुळे ओसीआय मिळाल्यावर फेमाची आडकाठी नव्हती. पण विकत घेणारी कोण, हे इथल्या कागदांना कळायला पाहिजे, आणि त्यासाठी आपाकडे इथला एकही क्रमांक नव्हता. आधार नाही, कारण ती इथे राहत नाही. पॅन नाही. ओसीआय नाही. जन्म सोनारीचा, पहिली ते दहावी इथेच, पण आपल्या गावात चार भिंती घ्यायच्या तर आधी परदेशी म्हणून नोंद झाली पाहिजे.

ओसीआय म्हणजे भारताचं परदेशस्थ नागरिकत्व. नावात नागरिकत्व असलं तरी ते नागरिकत्व नाही, मतदान नाही. आयुष्यभराचा व्हिसा मात्र मिळतो. त्यासाठी आधी जुना भारतीय पासपोर्ट परत करून तसा दाखला घ्यावा लागतो. आपाचा तो पासपोर्ट नऊ वर्षं लेस्टरच्या कपाटात साडीच्या घडीत पडून होता. परत करायचा असतो हे दोघांनाही माहीत नव्हतं. ज्यांची मुलं, बहिणी बाहेर आहेत त्या वाचकांनी ही एक गोष्ट आज फोन करून विचारून घ्यावी.

दुसरी गोष्ट आपल्या भागातल्या कुटुंबांना जास्त लागू आहे. अर्जदार स्वतः, त्याचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कुणीही कधी पाकिस्तानचं किंवा बांगलादेशचं नागरिक असेल तर ओसीआय मिळत नाही. १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतला कुणीतरी कराचीला गेला. आमचेही एक चुलत आजोबा गेले. चुलत असल्यामुळे आपाचा अर्ज निभावला. सख्खे असते तर गाडी तिथेच थांबली असती.

ओसीआय आलं आणि मग पॅन. इथे एका सेवा केंद्रावरच्या पोराने आपाला एनआरआय समजून अर्ज क्रमांक ४९ ए भरला. तो तेव्हा भारतीय नागरिकांचा होता. बाहेर राहणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस एनआरआय, त्याला तो चालायचा. आपा परदेशी नागरिक, तिला ४९ एए लागायचा. अर्ज परत आला. पैसे गेले ते गेले, दोन महिनेही गेले.

दुसऱ्यांदा नावावर गाडी अडली. आमच्या शाळांच्या हजेरीत शेख आधी येतं, मग मुलीचं नाव, मग बापाचं. ब्रिटिश पासपोर्टवर तिच्या नावामागे दुल्हेभाईंचं आडनाव. पॅनच्या दहा खुणांतलं चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी असतं आणि पाचवं आडनावाचं आद्याक्षर. म्हणजे आडनाव कुठलं, हे नक्की केल्याशिवाय क्रमांकच पडत नाही. आम्ही हट्टाने एकच ठरवलं, ओसीआयवर जे स्पेलिंग तेच पॅनवर, तेच बँकेत, तेच खरेदीखतात. सातबाऱ्यावर माहेरचं नाव आणि खरेदीखतावर सासरचं, म्हणून या दोघी एकच बाई आहेत असं प्रतिज्ञापत्र वेगळं केलं. त्याला निकाहनामा जोडला. वीस वर्षांपूर्वी काझीसाहेबांनी उर्दूत लिहिलेला तो कागद मराठीत आणताना आमची उर्दू प्रथमच कचेरीच्या कामाला आली.

पॅन आल्यावर एनआरओ खातं उघडलं, पैसे लेस्टरहून बँकेमार्फत आले. घरमालकांना थोडी रक्कम रोख पाहिजे होती, आपल्याकडे तशी चाल आहेच. आपा नको म्हणाली. परदेशी नागरिकाने रोख देऊन घर घेणं नियमात बसत नाही, आणि पुढे घर विकून पैसे न्यायचे झाले तर हाच बँकेचा माग दाखवावा लागतो. महिनाभर ताणाताणी झाली. शेवटी मालक मानले, कारण दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

खरेदीखत २०२४ च्या पावसाळ्यात झालं. डिसेंबरात आपा आली ती व्हिसाशिवाय. घराला चुना लावून झाला होता. पहिल्या रात्री ती त्या घरात एकटीच झोपली, अम्मीने किती सांगितलं तरी ऐकलं नाही. सकाळी आम्ही तिला सातबाऱ्याचा उतारा दिला. पाच नावांत शेवटचं तिचं. तिने बोटाने वाचलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं.

नाश्ता झाल्यावर भाईजानने शाळेच्या वहीच्या पानावर लिहिलेला तिच्या एकरातल्या तुरीचा हिशोब पुढे केला. बियाणं, खत, फवारणी, काढणी, वजा जाता उरलेले पैसे. आपाने चष्मा लावून बेरीज तपासली. नांगरटीचे पैसे भाईजानने लावलेच नव्हते. "तिघांकडून घेतले असते तेवढेच लाव," असं म्हणून तिने आमच्या खिशातला पेन काढून घेतला आणि ती ओळ स्वतः लिहिली.