नाकारलेली गाणी

हॉस्टेलवर रिहानाचं ‘डायमंड्स’ रोज कुणाच्या ना कुणाच्या खोलीत वाजायचं. ते लिहिणाऱ्यांमध्ये सिया आहे, हे मला फार उशिरा कळलं. ॲडलेडची ही गायिका प्रसिद्धीला कंटाळून इतरांसाठी गाणी लिहू लागली होती. २०११च्या ‘टायटेनियम’साठी तिने फक्त नमुना म्हणून गायलं होतं, डेव्हिड गेटाने तोच आवाज ठेवला.

पण मला जवळचा वाटतो तो तिचा २०१६चा अल्बम, ‘धिस इज ॲक्टिंग’. त्यातली बहुतेक गाणी दुसऱ्यांसाठी लिहिलेली आणि त्यांनी न घेतलेली. ‘अलाइव्ह’ ॲडेलसोबत, तिच्याच अल्बमसाठी लिहिलेलं. ‘चीप थ्रिल्स’ रिहानासाठी. तेच पुढे शॉन पॉलच्या साथीने बिलबोर्ड हॉट १००वर पहिलं आलं.

मीही दिवसभर दुसऱ्यांच्या नावावर चालणारं काहीतरी लिहितो. कोडखाली आपलं नाव नसतं, याचं काही वाटत नाही. नाकारलं जातं, त्याचं वाटतं. गेल्या वर्षी तीन महिने खपून लिहिलेलं काम एका मीटिंगमध्ये बाद झालं. त्याच संध्याकाळी मी ती ब्रँच डिलीट करून टाकली.

‘अलाइव्ह’मध्ये वरच्या सुरांत सियाचा आवाज फाटतो. ॲडेलने ते कदाचित जास्त नितळ गायलं असतं. पण आता ते फाटलेपणाशिवाय ऐकवत नाही.

डिलीट केलेली ब्रँच बहुतेकदा परत आणता येते. मी अजून शोधलेली नाही.